दुखायचं थांबलं, पण बरं झालं का?

या खेपेला पत्रं भरपूर आली, आणि वाचता वाचता लक्षात आलं की निम्म्याहून जास्त पत्रांत एकच रडगाणं आहे, फक्त अवयव वेगळा. "दुखायचं थांबलं म्हणून परत सुरू केलं आणि परत दुखलं." म्हणून मुद्दाम तीच पत्रं जास्त घेतलीत. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात बघू.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, बॅडमिंटन खेळते. दीड वर्षात डावा घोटा चार वेळा मुरगळलाय. प्रत्येक वेळी बर्फ, क्रेप बँडेज, आठवडाभर आराम, सूज उतरली की परत कोर्टवर. एक्स-रे नॉर्मल आहे. आता घोटा कायमचा कमजोर झाला का? सपोर्ट घालूनच खेळायचं का आयुष्यभर?

उत्तर : आधी ते "कायमचा" डोक्यातून काढ. तू चार वेळा सूज उतरवलीस, घोटा एकदाही बरा केला नाहीस, एवढंच झालंय. घोट्याच्या बाहेरच्या बाजूची लिगामेंट म्हणजे नुसती हाडाला हाड बांधणारी दोरी नसते, पाय कुठे कलतोय ही खबर मेंदूला देणारी यंत्रणा त्यात असते. लिगामेंट ताणली गेली की ती खबर पण ढिली पडते, आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे जे स्नायू पाय आत कलंडायला लागल्या लागल्या त्याला सावरतात ते आठवडाभर बँडेजमध्ये पडून अजूनच सुस्तावतात. सूज तर आपोआप उतरते गं, या दोन गोष्टी आपोआप येत नाहीत.

माझ्याकडे असा पेशंट आला की मी त्याला अनवाणी एका पायावर उभं करते आणि त्याच्या चेहऱ्याकडे न बघता पायाकडे बघते. चांगल्या पायावर बोटं निवांत पसरलेली असतात. मुरगळलेल्या पायावर तीच बोटं जमीन धरून ठेवायला बघतात, नखं पांढरी पडतात, घोट्याच्या पुढच्या शिरा तारेसारख्या वर येऊन नुसत्या नाचत असतात, आणि वरून पेशंट म्हणतो, "बघा, उभा आहे की मी!" डोळे मिटायला सांगितले की पाचव्या सेकंदाला भिंत धरतो. तू आज रात्री भिंतीजवळ उभी राहून हे करून बघ, दोन्ही पायांवर, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच उरणार नाही.

आता करायचं काय. एका पायावर उभं राहणं रोज, दात घासताना केलंस तरी चालेल, सोपं वाटायला लागलं की उशीवर उभी राहा, मग उभ्या उभ्या कुणाला तरी चेंडू टाकायला सांग. पाय बाहेरच्या बाजूला ओढायचा व्यायाम रबराच्या बँडने. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका पायावर टाच वर उचलणं, सावकाश वर, सावकाश खाली, आणि उजव्या पायाने जेवढे होतात जवळपास तेवढे डाव्याने व्हायला हवेत. इथे बहुतेकांचं बिंग फुटतं, चांगला पाय २२ आणि दुखरा ९, आणि तरी म्हणे बरा झाला. हे जमलं की जागच्या जागी उड्या, मग एका पायावर उड्या, मग आजूबाजूला, आणि शेवटी कोर्टवरचं वळणं-थांबणं. दीडदोन महिने धर. तोपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने खेळताना सपोर्ट घातलास तर माझी काही हरकत नाही, पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण त्याने खरंच कमी होतं, पण सपोर्ट घातला म्हणजे व्यायाम माफ असं नाही.

बर्फाबद्दल दोन शब्द, कारण ते सगळेच विचारतात. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हा फॉर्म्युला १९७८ मध्ये गेब मिर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केला, आणि गंमत म्हणजे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आरामामुळे भरून येणं लांबूही शकतं. पहिल्या एकदोन दिवसांत ठणका कमी करायला दहापंधरा मिनिटं बर्फ लावला तर आभाळ कोसळत नाही, पण तो उपचार नाही. सोसेल तेवढं पाऊल टाकायला लवकर सुरुवात करणं हा उपचार. फक्त मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकावर दाबल्यावर जीव जात असेल तर आधी एक्स-रे, मग बाकीचं.

प्रश्न : मॅडम, फिजिओकडे दहा दिवस गेलो, मशीन लावतात, शेक देतात, बरं वाटतं, घरी आलो की तीनचार तासांत परत तेच. मशीन बदलून बघावं का?

उत्तर : मशीन नको, पद्धत बदला. करंट असो की अल्ट्रासाऊंड, त्याने झालाच तर दुखण्याला थोडा वेळ आराम पडतो, आणि त्या आरामाच्या वेळात व्यायाम करून घेता आला तर ते वापरण्यात काही अर्थ आहे. नुसतं पडून मशीन लावून घेतल्याने कुठलाही स्नायू मजबूत होत नाही, हे मी स्वतः फिजिओ असून सांगतेय. दहा दिवसांत एकदाही कुणी तुम्हाला उभं करून, वाकवून, ताकद तपासून बघितलं नसेल तर दुसरा फिजिओ शोधा.

प्रश्न : मी २२ वर्षांचा. फुटबॉल खेळताना एसीएल (गुडघ्याच्या आतली एक लिगामेंट) फाटलं, ऑपरेशन होऊन साडेपाच महिने झाले. गुडघा अजिबात दुखत नाही, सूज नाही, पूर्ण वाकतो, सरळ पळतो पण. पुढच्या महिन्यात टुर्नामेंट आहे. सर्जन म्हणतात थांब, टीम म्हणते ये. तुम्ही सांगा.

उत्तर : अरे बाबा, टीमला गुडघा नवीन मिळणार नाहीये, तुलाही नाही. थांब.

का ते नीट सांगते म्हणजे मनाची समजूत पटेल. तुझ्या गुडघ्यात जे बसवलंय ते लिगामेंट नाही, तुझ्याच शरीरातून काढलेला टेंडनचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याचा, तुकडा असणार, आणि त्याचं हळूहळू लिगामेंटसारखं रूपांतर होत असतं. ते काम महिनोनमहिने चालतं, आणि सुरुवातीच्या काळात तर तो तुकडा बसवला त्या दिवसापेक्षाही कमकुवत असतो. दुखत मात्र नाही. म्हणजे तुझ्या गुडघ्यात काम चालू आहे आणि बाहेर बोर्ड लावलेला नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, २०१६ मध्ये आलेल्या, असं दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं, दर महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने खाली आलं. हे आकडे बघितले की एक टुर्नामेंट फार स्वस्तात सुटतेय असं वाटेल.

आणि नऊ महिने झाले की आपोआप परवानगी, असंही नाही हं. कॅलेंडर ही एक अट, दुसरी ताकदीची. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, एका पायावरची लांब उडी पण तेवढीच, आणि उडीवरून खाली येताना गुडघा आत पडता कामा नये. टेप घेऊन मांडीचा घेर मोज, गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर, दोन्ही पायांचा. मला खात्री आहे की फरक निघेल. घेर म्हणजे ताकद नव्हे, पण डोळ्यांना दिसतं ते पटतं. तोवर टीमसोबत जा, वॉर्म-अप घे त्यांचा. फिफाने फुटबॉलसाठीच बनवलेला वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे, '११ प्लस' नावाचा, त्यात धावणं, ताकद, तोल आणि उड्या सगळं येतं, आणि जे संघ तो आठवड्यातून दोनतीनदा इमानदारीत करतात त्यांच्यात दुखापती कमी होतात हे चांगलं तपासून झालंय. तुझ्या टीमने तो आधी केला असता तर... असो.

प्रश्न : खांद्यासाठी फिजिओने पिवळा रबर बँड दिला, १० चे ३ सेट. तीन महिने एकही दिवस न चुकता केलं. पहिल्या महिन्यात फरक पडला, नंतर जैसे थे. वरच्या कपाटात डबा ठेवता येत नाही अजून. माझं काय चुकतंय? (वय ४८)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, बँड चुकला. म्हणजे पहिल्या महिन्यात बरोबर होता, पुढे तो तुम्हाला पुरेनासा झाला आणि कुणी बदललाच नाही. बहुतेक कंपन्यांच्या बँडमध्ये पिवळा सगळ्यात हलक्यांपैकी असतो, त्याच्यापुढे लाल, हिरवा, निळा अशी चढती भाजणी असते.

हे "१० चे ३ सेट" कुठून आलं माहितेय का? दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांनी अमेरिकेतली लष्करी हॉस्पिटलं भरली होती आणि गुडघ्याची ऑपरेशनं झालेले लोक महिनोनमहिने हलके हलके व्यायाम करत पडून असायचे. तिथे थॉमस डेलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते, त्यांना स्वतःला वजनं उचलायचा नाद, त्यांनी सैनिकांना जड वजनं द्यायला सुरुवात केली. १९४५ मध्ये त्यांनी ते छापलं. त्यांची पुढे रूढ झालेली पद्धत अशी की जे वजन जेमतेम दहाच वेळा उचलता येतं ते शोधायचं, मग पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण, आणि दर आठवड्याला ते "जेमतेम दहा" परत मोजायचं. बघा, सगळी जादू त्या परत मोजण्यात होती आणि आपण नेमकं तेच विसरलो, १० आणि ३ तेवढं पाठ केलं.

तर तुमचा हिशोब असा. दहावा रेप, म्हणजे दहाव्यांदा ओढून, झाल्यावर अजून दोनतीन कसेबसे होतील इतपत जड हवं. दहा झाल्यावर गप्पा मारत अजून दहा करता येत असतील तर ते वजन तुमच्यासाठी संपलं. लाल बँड घ्या, किंवा पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन कपाटाच्या दिशेनेच हात वर नेण्याची प्रॅक्टिस करा, कारण शेवटी तुम्हाला डबा ठेवायचाय, बँड ओढायची परीक्षा द्यायची नाहीये. आणि रोज करू नका, जड केलं की एक दिवस आड. पहिल्या महिन्यात जो झटपट फरक पडला तो मुख्यतः मेंदू आणि नसांनी असलेले स्नायू नीट वापरायला शिकल्याचा असतो, स्नायू खरोखर भरायला त्यापुढे वेळ लागतो, तेव्हा दोनेक महिने तरी द्या. थोडं दुखलं तर? दहापैकी तीनचारपर्यंत चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीइतकं खाली यायला हवं. आलं नाही तर एक पायरी मागे.

एक मात्र तपासून घ्या. कोपर कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवून बघा, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी तो हात हलकेच फिरवायला सांगा. कुणी फिरवला तरीही तो फिरतच नसेल तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. तुमच्या वयात तो होतो, डायबिटीस असेल तर जास्तच, आणि त्याची गोष्ट वेगळी, तिथे बँड जड करून उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : टाचेच्या वर, मागच्या जाड शिरेत सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भयंकर दुखतात, मग मोकळं होतं. पळणं बंद केलं की दोन आठवड्यांत थांबतं, सुरू केलं की तिसऱ्या दिवशी हजर. वर्ष झालं हा खेळ चाललाय. (वय ४१)

उत्तर : ही तुमची अकिलीस टेंडन. तुम्ही दोन आठवडे आराम देता तेव्हा ती शांत होते आणि त्याच दोन आठवड्यांत अजून थोडी कमजोर होते, मग पूर्वीचंच पळणं तिला पूर्वीपेक्षा जड जातं. आरामानेच हे दुखणं पोसलंय असं म्हटलं तरी चालेल.

यावरचा किस्सा आमच्या धंद्यात फार प्रसिद्ध आहे. स्वीडनचे हाकान आल्फ्रेडसन, स्वतः हाडांचे सर्जन, स्वतः पळणारे, नव्वदच्या दशकात त्यांना हाच त्रास झाला. ऑपरेशन करा म्हणून साहेबांच्या मागे लागले, साहेब नाही म्हणाले, सर्जन सुट्टीवर गेला तर काम कोण करणार. हे चिडले आणि ठरवलं की टेंडनवर एवढा भार टाकायचा की ती तुटलीच पाहिजे, मग तर ऑपरेशन करावंच लागेल! पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच खाली सोडायची, दुखलं तरी करत राहायचं. टेंडन तुटायची राहिली बाजूला, बरीच झाली. मग १९९८ मध्ये त्यांनी १५ पळणाऱ्यांवर नीट अभ्यास करून तो छापला : १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, रोज, १२ आठवडे. म्हणजे दिवसाला १८०. पंधराच्या पंधरा जण परत पळायला लागले.

तुम्ही १८० करायलाच पाहिजेत असं नाही. नंतरच्या अभ्यासांत आठवड्यातून तीनदा, पण चांगलं जड आणि अगदी सावकाश केलं तरी तेवढाच गुण आला, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला ते झेपतं. वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन, मनात आकडे मोजत. घाईघाईत केलेली वीस म्हणजे वीस उसळ्या, व्यायाम नाही. दोन्ही पायांनी सुरू करा, मग एका, मग पाठीला सॅक, सॅकमध्ये पुस्तकं. पळणं पूर्ण बंद करू नका, सकाळचं दुखणं वाढत नाही इतकं ठेवा, एक मिनिट पळा एक मिनिट चाला असं. फक्त दुखणं टाचेच्या अगदी हाडाला लागून असेल तर पायरीवरून टाच खाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा. आणि पळताना कधी मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं झालं आणि चवड्यावर उभंच राहता आलं नाही, तर शिर तुटलेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न : कंबर धरली आहे, वाकता येत नाही. बेडरेस्ट किती दिवस घ्यावी?

उत्तर : जमलं तर शून्य. पहिल्या दिवशी तासदोन तास आडवं व्हावंसं वाटलं तर व्हा, पण दर थोड्या वेळाने उठून घरातल्या घरात चाला. अशी उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत जाते, पडून राहिलं की उशीर होतो. मात्र लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, दोन मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, पायातली ताकद चालली असं वाटलं, तर त्याच क्षणी हॉस्पिटल, उद्या सकाळी नाही. ताप आहे, वजन घटतंय, पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, अशांनीही वाट बघू नये.

प्रश्न : ताई, माझी आई ७३ वर्षांची. मागच्या वर्षी न्यूमोनियाने तीन आठवडे बेडवर होती. आजार गेला, रिपोर्ट छान, पण ती आई परत आलीच नाही. खुर्चीतून उठायला हात द्यावा लागतो, दोनदा तोल गेला. भाऊ म्हणतो आता या वयात काय व्यायाम, जपायचं फक्त. मला पटत नाही. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही. भावाला हे वाचायला द्या.

म्हातारपणी स्नायू किती भराभर जातात याचा लोकांना अंदाज नसतो. एका प्रयोगात धडधाकट वयस्कर माणसांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं तर पायांतले स्नायू जवळपास एक किलोने कमी झाले. आईचे तीन आठवडे, आणि वर आजारपण. औषधाने छातीतला संसर्ग गेला, गेलेला स्नायू औषधाने येत नाही. आणि नंतरच्या वर्षभरात घरच्यांनी काय केलं असणार ते मी न बघता सांगते : पाणी हातात दिलं, उठताना हात दिला, "तू बस गं, मी आणते." प्रेमानेच केलं, पण उठबस हाच तिचा व्यायाम होता, तो सगळा तुम्ही करून टाकलात.

आता वयाचं. १९९० मध्ये मारिया फियातारोने या डॉक्टरांनी अमेरिकेत एका नर्सिंग होममध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना, म्हणजे खरोखर थकलेल्या माणसांना, मांडीसाठी वजनाचा जड व्यायाम दिला, आठ आठवडे. ज्यांनी पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुमची आई त्यांच्यापुढे पोरगी आहे.

सुरुवात खुर्चीपासून. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी, दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची. आईला उठायला सांगा आणि तिचे हात बघा. आत्ता ती खुर्चीच्या हातांवर एवढा जोर देत असेल की बोटांचे सांधे पांढरे पडत असतील आणि खांदे कानाला लागत असतील, म्हणजे उठतेय हातांनी, पायांनी नाही. खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, पाय थोडे मागे घ्यायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं पुढे झुकून मग उठायचं. बहुतेकांना ही झुकायची गोष्टच कुणी सांगितलेली नसते, ती मागे रेलून उठायला बघतात आणि परत धपकन बसतात. पाच वेळा उठबस, थोडी विश्रांती, परत पाच. बसताना तीन आकडे मोजत हळूहळू बसायचं, खरी ताकद तिथे येते. हातांवरचा जोर कमी होत गेला की एकच हात, मग नुसती बोटं, मग छातीवर हात, मग उशी काढा. दर रविवारी पाच उठबशींना किती सेकंद लागतात ते फोनवर मोजून कॅलेंडरवर लिहा. हात न लावता पंधरा सेकंदांच्या आत आलं की मला परत पत्र लिहा, पुढचं सांगेन.

तोलासाठी किचनच्या ओट्याला धरून उभं राहणं, एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून, मग टाचा वर, मग कडेकडेने चालणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस असं सरळ लिहिलंय, भावाला तेही सांगा. पहिले काही आठवडे कुणीतरी शेजारी हवंच, आणि सुरू करायच्या आधी तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या, बीपीच्या गोळ्यांमुळे उठल्यावर चक्कर येत असेल तर तोल त्यानेच जात असेल आणि मग आपण उगाच पायांना दोष देत बसू.

प्रश्न : जिममध्ये पहिल्यांदा पायांचा व्यायाम केला, दुसऱ्या दिवशी ठीक होतो, तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. ट्रेनर म्हणतो लॅक्टिक ॲसिड साठलंय, मालिश करून घे. इजा झालीये का? (वय १९)

उत्तर : लॅक्टिक ॲसिडचं नाव उगाच बद्दू झालंय, ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात निघून जातं, तिसऱ्या दिवशी कुठून येणार. स्नायूला सवय नसताना, विशेषतः वजन खाली आणताना ताणलं जाताना जी बारीक झीज होते तिचं हे दुखणं, २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त आणि मग ओसरतं. हलकं चालत राहा. हाच व्यायाम पुढच्या आठवड्यात केलास तर याच्या निम्मंही दुखणार नाही, शरीर एवढं पटकन शिकतं, फक्त पुन्हा पहिल्याच दिवशी मित्राच्या बरोबरीने वजन लावू नकोस. दोन्ही मांड्या सारख्या दुखतायत तर काळजी नाही. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, किंवा व्यायाम करतानाच काहीतरी तुटल्यासारखं झालं असेल तर दाखवून घे. आणि स्नायू टम्म सुजलेत, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतंय, लघवी काळ्या चहासारखी होतेय, असं काही दिसलं तर मालिश नको, ट्रेनर नको, मला पत्र पण नको, सरळ इमर्जन्सी गाठ.